जुनी घरे आणि त्यांतली माणसे



आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक लाकडी टेकू उभा आहे. तो बसविला तेव्हा मी नववीत होतो. "महिन्याभराचे काम आहे, तोवर जपून चाला," असे सांगून मुकादम गेला. आज माझी पंचावन्नी उलटली. टेकू जागच्या जागी आहे. त्यावर तीन घरांतल्या मुलांची उंची मोजल्याच्या रेघा आहेत, गणपतीत त्याला पताका बांधतात, आणि नवी सून आली की तिला पहिल्याच दिवशी बजावतात, "इथे डोके सांभाळ हो." तात्पुरत्या उपायावर लाखो माणसांचे आयुष्य कसे निघून जाते, हा आजचा विषय आहे.

मी शिकलेला माणूस नव्हे. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. माझी शाळा दहावीला थांबली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, करार आणि कोर्टाचे निकाल वाचून झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. घर कसे मोडते, त्याचा खर्च कोण देतो आणि शेवटी त्यात राहतो कोण, एवढाच हिशोब मी आपल्यापुढे मांडणार आहे.

खोली आली कुठून?

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्या हादऱ्यातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावडीजवळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुमारे दोन दशके काढली. पुढे १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारती उभारल्या. त्या आपल्या बीडीडी चाळी. एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. बाकीची बहुतेक गरज खाजगी घरमालकांनी भागविली. सागवानी खांब, लाकडी तुळया, मध्ये विटांची भिंत आणि पुढे लांब गॅलरी, अशा त्या चाळी होत्या.

यातली कित्येक खोली एकट्या पुरुषाचा विचार करून बांधलेली होती. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार पाळीपाळीने झोपेल एवढीच कल्पना. पण माणसाने तिथे संसार थाटला. घर अपुरे होते, ते वस्तीने पुरे केले. गॅलरी ही बैठकीची खोली झाली, शेजारीण ही पाळणाघर झाली. खानावळीच्या बायांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातले, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ काढून सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट शोधली. केईएम रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर होते. गरिबाच्या घराची किंमत चौरस फुटांत मोजता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल. रुग्णालय, शाळा, बाजार, काम आणि ओळखीची माणसे जवळ असणे हाही त्याच्या घराचाच भाग असतो.

चाळ कशी मरते?

लोक म्हणतात, इमारत म्हातारी झाली. इमारत वयाने मरत नाही, ती पाण्याने मरते. संडासाच्या नळातून ओल भिंतीत उतरते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक त्या ओलीने कुजते. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते, पण जिथे तिने भार द्यावयाचा तेच टोक भुसभुशीत झालेले असते. काँक्रीटच्या इमारतीत हेच काम गंज करतो. गंजलेली सळई फुगते, वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते, आणि त्या भेगेतून आणखी पाणी आत जाते.

त्यात आपली भर असते. पाणी दोन तासच येते म्हणून प्रत्येक घरात पिंप आणि टाकी. जागा नाही म्हणून पोटमाळा. जुन्या जमिनीवर नव्या लाद्या. एका घराचा भार विशेष नाही, पण साठ घरांचा मिळून फार होतो. सर्वांत वाईट म्हणजे तळमजल्यावरची भिंत किंवा खांब काढून दुकान मोठे करणे. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरफारांकडेच बोट दाखविले गेले. पुढच्याच महिन्यात, ३१ ऑगस्टला, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली. तिथे ३३ जण गेले.

मग वेळीच दुरुस्ती का होत नाही? इथे मला माझ्या बाजूचीही एक चूक कबूल केली पाहिजे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत हे योग्यच होते. तो कायदा नसता तर माझ्या आजोबांना रस्त्यावर यावे लागले असते. पण भाडे गोठले आणि विटा, चुना, मजुरी मात्र वाढत राहिली. आमच्या खोलीचे भाडे वीस रुपयांच्या आत होते. तेवढ्या पैशांत घरमालक गवंड्याला एक दिवस बोलावू शकला नसता. त्याने दुरुस्ती सोडून दिली. नवा भाडेकरू आला की पावतीबाहेरची पागडी घ्यावयाची, हा त्याचा मार्ग झाला. आम्ही युनियनवाल्यांनी भाडे वाढू नये म्हणून मोर्चे काढले. परंतु 'थोडे वाढवा, पण तो पैसा इमारतीच्याच खात्यात जमा करा आणि हिशोब जिन्याखाली लावा', अशी मागणी आम्ही लावून धरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या गोठलेल्या भाड्यांच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे! औषध आले, पण रोगी केव्हाच हाताबाहेर गेला होता.

मधल्या काळात सरकार स्वस्थ बसले नव्हते. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ झाले. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्यातून व सरकारी मदतीतून त्यांची दुरुस्ती करावी, अशी ही योजना. १९,६४२ इमारती तिच्याखाली आल्या, आणि त्यांतल्या १६,५०२ एकट्या सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडा झाली व हे मंडळ तिच्यात गेले. कल्पना उत्तम होती. पण दुरुस्तीवर दर चौरस मीटरला किती खर्च करावयाचा याची मर्यादा ठरलेली असते. खर्च तिच्यापलीकडे गेला तर वरचे पैसे भाडेकरूंनी भरावे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मग नोटीस, मग संक्रमण शिबिर. तिथे तात्पुरते म्हणून गेलेल्या कित्येकांची मुले तिथेच मोठी झाली आहेत.

बिल्डरचा हिशोब

१९९१ च्या विकास नियमावलीने दुसरा रस्ता काढला. जुनी चाळ पाडा, भाडेकरूला फुकट घर द्या, आणि त्याच्या मोबदल्यात जास्त चटईक्षेत्र घेऊन ते बाजारात विका. आज भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट मिळावे असा दंडक आहे. आपण एक हिशोब करू. यातले आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

समजा, चाळीत ६० भाडेकरू आहेत. प्रत्येकी ३०० प्रमाणे १८,००० चौरस फूट त्यांचे. त्याच्या निम्मे, म्हणजे ९,००० चौरस फूट, बिल्डरला विकावयास मिळाले. एकूण २७,००० फुटांचे बांधकाम, दर फुटाला ५,००० रुपये धरले तर साडेतेरा कोटी. ६० कुटुंबांना तीन वर्षे दरमहा २०,००० रुपये बाहेरचे भाडे, म्हणजे ४ कोटी ३२ लाख. खर्च झाला १७ कोटी ८२ लाख. वस्तीत दर फुटाला ४०,००० रुपये भाव असेल तर विक्रीचे ३६ कोटी येतात आणि मागे १८ कोटी १८ लाख उरतात. त्यातून घरमालकाचे देणे, सरकारी शुल्क, व्याज आणि नफा. आता बाकी आकडे तेच ठेवून भाव २०,००० धरा. विक्रीचे १८ कोटी येतात आणि मागे उरतात फक्त १८ लाख!

या साध्या गणितात सगळी गोष्ट आली आहे. जिथे भाव चढा तिथे बिल्डर दाराशी उभा असतो. जिथे बोळ अरुंद, जागा लहान आणि खोल्या फार, तिथे कुणी फिरकत नाही. आणि मोडकळीला आलेल्या चाळी बहुधा तिथेच असतात. तीन वर्षांचे काम सहा वर्षे लांबले तर नुसत्या भाड्याचेच आणखी ४ कोटी ३२ लाख लागतात. मग पहिल्यांदा बंद होतो तो भाडेकरूचा मासिक धनादेश. आमच्या शेजारच्या गल्लीतली माणसे अशाच एका थांबलेल्या कामापायी पाच वर्षे तीन ठिकाणी बिऱ्हाडे हलवीत होती. त्यांतले दोघे म्हातारे नव्या घराचा पाया न बघताच गेले.

भाव का चढला?

लंडनमध्ये कामगारांच्या मोहल्ल्यांत मध्यमवर्गाने घरे घेतली, भाव चढले आणि मूळची माणसे एकेक करून निघून गेली. या घडामोडीला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये पहिल्याने नाव दिले. आपल्याकडे भाव चढला तो गिरण्यांच्या जमिनींमुळे. १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास करताना गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते. एक वाटा मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, आणि हा हिशोब सबंध जमिनीऐवजी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. गिरणी म्हणजे बहुतेक जमिनीवर बांधकाम! तेव्हा वाटे आक्रसले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे ६,९२५, आणि अर्ज करणारे लाखाच्या वर.

आता कुणी विचारील, चाळकऱ्याला फुकट नवे घर मिळाले, मग त्याची तक्रार काय? तक्रार अशी आहे की घर मिळणे आणि घरात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीत त्याला शंभर रुपयांच्या आत भाडे होते. उंच इमारतीत उद्वाहन, पंप, पहारेकरी, आगीची यंत्रणा आणि मालमत्ता कर आले. महिन्याला चार हजार कुठून आणावयाचे? खाली वाण्याच्या दुकानाजागी काचेचे दुकान आलेले असते आणि भाजीचा भावही बदललेला असतो. मग तो घर विकतो व कल्याण-विरारच्या पलीकडे जातो. त्याला मी दोष देत नाही. लेकीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी विकणारा माणूस लोभी नसतो. पण चारांतले तीन असे गेले, तर आपण वस्ती राखली असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

दुसरा रस्ता आहे काय?

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. पहाटे चारला बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला चाळीचे सौंदर्य सांगू नये. काही इमारती पाडल्याच पाहिजेत. परंतु ज्या वाचण्यासारख्या आहेत त्या वाचविणे स्वस्त पडते. छप्पर गळते ते थांबवावे. सांडपाण्याचे नळ भिंतीपासून सुटे करावे. कुजलेल्या तुळईच्या टोकाला लोखंडी आधार द्यावा. मागच्या बाजूला मजबूत पायावर संडास-नहाणीचा नवा मनोरा बांधून तो प्रत्येक घराला जोडावा. हे काम टप्प्याटप्प्याने, माणसे न हलविता करता येते.

व्हिएन्ना शहराने हे मोठ्या प्रमाणावर केले आहे. आपल्याकडे बीडीडीच्या १६० फुटी खोल्या बांधल्या गेल्या त्याच दशकात त्या नगरपालिकेने १९२३ पासून घरबांधणीसाठी खास कर बसविला आणि साठ हजारांवर घरे बांधली. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे होती, आणि संडास घरात होता. साठ वर्षांनी ती जुनी झाली तेव्हा शहराने ती पाडली नाही. १९८९ ते १९९२ मध्ये दुरुस्त केली आणि लहान घरे जोडून काही मोठी केली. खाजगी जुन्या इमारतींसाठी १९८४ मध्ये शहराने स्वतंत्र निधी काढला. त्यातली अट महत्त्वाची आहे. सार्वजनिक पैसा घेतलात तर राहणाऱ्या भाडेकरूला हुसकावता येणार नाही आणि पुढची काही वर्षे भाडे ठराविक मर्यादेतच ठेवावे लागेल. म्हणजे पैशाला अट बांधलेली आहे. आपण चटईक्षेत्र देतो तोही सार्वजनिक पैसाच आहे, फक्त नोटांच्या रूपात दिसत नाही. त्याला अशी अट का बांधू नये?

आपल्याकडेही कायद्याने वाटा उघडल्या आहेत. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करता यावी. घरमालक न्यायालयात गेले. तो वाद नऊ न्यायमूर्तींपुढे पोचून ५ नोव्हेंबर २०२४ ला निर्णय झाला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती म्हणता येणार नाही. हा घटनेचा मुद्दा झाला. पण त्यासाठी तीन दशके गेली, आणि टेकू तोवर वाट पाहत होता. अलीकडच्या दुरुस्तीने धोकादायक इमारतीसाठी क्रम लावून दिला आहे. आधी मालकाला सहा महिने संधी, मग भाडेकरूंच्या संस्थेला, आणि तेही जमले नाही तर म्हाडा. बीडीडी चाळींत तर म्हाडा स्वतःच काम करीत आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५००! हा आनंद खरा आहे. त्याची खरी परीक्षा मात्र पुढेच आहे. वीस वर्षांनी त्या दारांवर कोणती आडनावे असतील?

सही करण्यापूर्वी

आमच्या चाळीत सध्या संमतीपत्रे फिरत आहेत. ५४ बिऱ्हाडांपैकी ३१ जणांनी सह्या केल्या. मी अजून केलेली नाही. विरोधासाठी नाही. तीस वर्षे कारखानदारांशी करार करताना मी एक धडा शिकलो. पगारवाढीचा आकडा सगळे वाचतात. पण कामगार फसतो तो शेवटच्या पानावरच्या कलमात. म्हणून आम्ही चार गोष्टी मागितल्या आहेत आणि त्या आपणही मागाव्यात.

पहिली, आधी आपल्या पैशाने आपण नेमलेल्या अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करावी. दुरुस्ती शक्य आहे की नाही, हे ज्याला पाडण्यात फायदा आहे त्याला विचारू नये. दुसरी, संस्था आधी नोंदवावी आणि करार तिच्याशी व नोंदणीकृत व्हावा. एकेकाला हॉटेलात बोलावून घेतलेल्या सह्यांवर जाऊ नये. तिसरी, बाहेरच्या भाड्यासाठी बँकेची हमी घ्यावी. शब्द बंद पडतो, हमी वटते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, देखभालीचा निधी. महिन्याचे ४,००० म्हणजे वर्षाचे ४८,०००. सहा टक्के व्याजाने तेवढे यावयास प्रत्येक घरामागे आठ लाख लागतात. ६० घरांचे ४ कोटी ८० लाख. मघाच्या हिशोबात मागे उरलेले १८ कोटी आठवा! महागाई त्यालाही कुरतडणार, हे खरे. तरी कामगाराला जशी ग्रॅच्युइटी, तसा चाळकऱ्याला हा निधी. तो मागणे ही भीक नव्हे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक विधवा बाई अजून बारा जणांचे डबे करतात. परवा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, घर मोठे मिळेल हो, पण वरच्या मजल्यावर डबे न्यायला-आणायला सोडतील का?" प्रश्न लहान वाटतो, पण आमच्या कराराच्या बत्तीस पानांत त्याचे उत्तर नव्हते. आता तेहतिसावे पान लिहावयास आम्ही बसलो आहोत. त्यात रहिवाशांना घरून चालविता येईल असा उद्योग करण्याची मुभा हे पहिले कलम आहे. ते मान्य झाले तर मी सही करीन, आणि तो टेकू पडेल तेव्हा पेढे वाटीन.